चार भिंती, पाच स्पीकर: जुन्या रॉक अल्बमचे सराउंड रिमिक्स घरी ऐकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेला अल्बम पहिल्यांदा सराउंडमध्ये, म्हणजे आपल्याभोवती मांडलेल्या स्पीकरांवर, ऐकला की दोनच प्रकारचे उद्गार निघतात. एक, ‘हे वाद्य यात होतं?’ दुसरा, ‘माझ्या घरी असं का वाजत नाही?’ खालचे बहुतेक प्रश्न या दोहोंपैकी एकातून फुटलेले आहेत.

सराउंड रिमिक्स म्हणजे रीमास्टरच ना?

नाही. या एका गोंधळापायी कितीतरी जण चुकीची आवृत्ती घेऊन बसतात. रीमास्टर करणाऱ्याच्या हाती येते ती तयार झालेली दोन चॅनलची टेप. तिच्यावर तो खर्ज आणि तार यांचा तोल सुधारतो, खरखर कमी करतो, पातळी वर-खाली करतो. गायकाला गिटारपासून वेगळं काढायची सोय त्याच्याकडे नसते. साखर दुधात विरघळून गेलेली असते.

रिमिक्स करणारा एक पायरी मागे, मल्टिट्रॅक टेपपाशी जातो. तिथे ड्रम्स, बेस गिटार, गाणं, कोरस, ऑर्गन आपापल्या पट्ट्यांवर असतात. साठच्या दशकाच्या मध्यावर अशा चार पट्ट्या असायच्या, दशक संपताना आठ, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोळा आणि लवकरच चोवीस. त्या पुन्हा उलगडून दोनाऐवजी चार, सहा किंवा त्याहून जास्त चॅनलांत मांडल्या की झाला सराउंड रिमिक्स. वादन तेच, गायन तेच, चुकाही त्याच.

मूळ स्टिरिओ मिक्स कलाकारांनी पसंत केलेला होता. मग हा उपद्व्याप कशाला?

मूळ मिक्स कुठे जात नाही, तो आहेच. पण तो पवित्र मानण्याआधी तो कसा झाला हे बघायला हवं. वीस वाद्यांचा गजर दोन स्पीकरमधून काढायचा म्हणजे गर्दीच्या वेळच्या दारातून सगळ्यांना एकदम बाहेर काढण्यासारखं आहे. एकाच उंचीच्या स्वरांतली दोन वाद्यं एकाच दिशेने आली की एक दुसऱ्याला झाकतं. मग मिक्स करणारा अकूस्टिक गिटारचा खर्ज कापतो, ऑर्गन मागे ढकलतो, कोरस बारीक करतो, म्हणजे गाणं ऐकू येईल. शिवाय तबकडीवर खर्ज फार रुंद करून चालत नसे, सुई उडायची.

सराउंडमध्ये ही वाद्यं वेगवेगळ्या दिशांना बसतात. झाकाझाकी कमी होते, म्हणून कापाकापीही कमी लागते. माझ्या मते सराउंडची खरी कमाई ही आहे. आवाज डोक्याभोवती गरगर फिरतो ही गंमत पहिल्या दोन दिवसांची. तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की इतकी वर्षं नुसता ‘भरीव’ वाटणारा तो आवाज खरं तर तीन माणसं तीन वेगळ्या गोष्टी वाजवत असल्याचा होता.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गिटार, बेस, ड्रम्स एवढ्याच तिघांचं, अंगावर येणारं कच्चं रॉक सराउंडमध्ये पुष्कळदा पातळ होतं. त्याची ताकदच तिघं एका जागी एकवटण्यात असते. तिथे मी मुकाट स्टिरिओ लावतो.

हे अलीकडचं खूळ आहे का?

मुळीच नाही. पिंक फ्लॉइडने १२ मे १९६७ला लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये ‘ॲझिमथ को-ऑर्डिनेटर’ नावाची पेटी वापरली होती. त्यांचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट तिची दांडी फिरवायचा आणि आवाज सभागृहाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत हिंडायचा. कार्यक्रमानंतर ती पेटी चोरीला गेली, ही त्या प्रयोगाला मिळालेली पहिली दाद म्हणायची.

सत्तरच्या दशकात याचं घरगुती रूप क्वाड्रोफोनिक, लाडाने ‘क्वाड’, बाजारात आलं: चार चॅनल, चार कोपऱ्यांत चार स्पीकर. अडचण माध्यमाची होती. तबकडीच्या खाचेला दोनच भिंती, मग चार चॅनल मावायचे कसे? सीबीएसची ‘एसक्यू’ आणि सॅन्सुईची ‘क्यूएस’ या पद्धती चाराचे दोन करून खाचेत भरायच्या आणि घरच्या डीकोडरने त्यांचे पुन्हा चार करायचे. ते अर्थातच एकमेकांत सांडायचे. जेव्हीसीच्या ‘सीडी-४’मध्ये मागच्या चॅनलांची माहिती ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर बसवलेली असे. चॅनल त्यात नीट वेगळे राहत, पण खास सुई लागे आणि ती माहिती झिजायलाही लवकर लागे. शिवाय आठ पट्ट्यांच्या कार्ट्रिजची क्वाड आवृत्ती होतीच. एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर धड वाजेना, दुकानदारही गोंधळले आणि दशक संपण्याआधी सगळं आटोपलं.

मागे राहिले ते मिक्स. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधल्या घड्याळांचा गजर ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने मुळात क्वाडच्या प्रात्यक्षिकासाठी ध्वनिमुद्रित केला होता. म्हणजे जो तुकडा आपण स्टिरिओत ऐकत आलो, त्याचा जन्मच चार स्पीकरसाठीचा. उलट ‘द हू’ने १९७३मध्ये अल्बमचं नाव क्वाडवरून ‘क्वाड्रोफेनिया’ ठेवलं आणि तो निघाला फक्त स्टिरिओत! २०११च्या बॉक्स सेटमध्ये त्यातली आठच गाणी ५.१मध्ये दिली. पूर्ण अल्बम सराउंडमध्ये यायला २०१४ची ब्लू-रे उजाडावी लागली.

५.१, ७.१, ५.१.४ या आकड्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा कानाच्या उंचीवरच्या स्पीकरांचा, दुसरा सबवूफरच्या चॅनलचा, तिसरा असेल तर छताकडच्या स्पीकरांचा. क्वाड म्हणजे ४.०.

सुरुवातीला कमीत कमी काय लागतं?

चार सारखे स्पीकर आणि सराउंड रिसीव्हर, म्हणजे प्रत्येक स्पीकरला त्याच्या वाटचा आवाज देणारा ॲम्प्लिफायर. मधला स्पीकर नसला तरी चालतं. रिसीव्हरच्या मेनूत ‘मधला स्पीकर नाही’ असं नोंदवलं की त्याच्या वाटचा आवाज पुढच्या डाव्या-उजव्यात समान वाटला जातो आणि बरोब्बर मध्ये बसल्यावर तो मधूनच आल्यासारखा वाटतो. टीव्हीखाली आडवा ठेवलेला, बाकीच्यांशी न जुळणारा मधला स्पीकर असण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. गायक त्याच्यातून आला की शेजारच्या खोलीतून गातोय असं वाटतं.

सिनेमासाठी मागे लहान स्पीकर लावलेत. ते पुरतील का?

वाजतील, पण पुरणार नाहीत. सिनेमात मागे पाऊस, वारा, एखादी गोळी. संगीताच्या मिक्समध्ये मागे अख्खा पियानो, ऑर्गन, कधी लीड गिटार येते. मुठीएवढ्या स्पीकरमध्ये ते वाद्य खेळण्यातलं वाटतं. पैसे एकदाच घालायचे असतील तर पुढे आणि मागे एकाच मालिकेतले स्पीकर घ्या. पुढे भारी आणि मागे किरकोळ, असा संसार संगीतात टिकत नाही.

स्पीकर नेमके कुठे ठेवायचे?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण हे फुकट आहे आणि याची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही.

तुम्ही बसता ती जागा केंद्र माना. समोर नाकाच्या रेषेत शून्य अंश. ५.१साठी मान्य असलेली मांडणी अशी: मधला शून्यावर, पुढचे दोन प्रत्येकी ३० अंशांवर, मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. म्हणजे ‘मागचे’ स्पीकर खरं तर कानांच्या जरासे मागे, बाजूला असतात. ते खोलीच्या मागच्या कोपऱ्यांत, छताखाली ठोकून ठेवायची सवय सर्रास दिसते. सिनेमाला ते खपून जातं, पण गाण्यात पुढच्या आणि मागच्या स्पीकरांत भगदाड पडतं आणि बाजूला बसायला हवा असलेला कोरस पाठीमागे जाऊन उभा राहतो.

क्वाडचं गणित वेगळं. तिथे चारही स्पीकर चौकोनाच्या कोपऱ्यांत, ४५ आणि १३५ अंशांवर, अशी मूळ कल्पना होती. क्वाडसाठी रोज खोली हलवायची गरज नाही. ७.१ची मांडणी असेल तर क्वाड वाजवताना बाजूच्यांऐवजी अगदी मागचे दोन वापरून बघा, रिसीव्हर तशी मुभा देत असेल तर.

उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी, फार तर हातभर वर. तोंड तुमच्याकडे.

माझा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे. मग?

ऐकायच्या वेळी तो दोन फूट पुढे ओढता आला तर ओढा. भिंतीजवळ खर्ज फुगतो आणि मागच्या आवाजाला जागाच उरत नाही. ओढता येत नसेल तर मागचे स्पीकर अगदी बाजूला, ९० अंशांच्या आसपास ठेवा. भिंतीवर ठोकून थेट कानात रोखण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

चारही स्पीकर सारख्या अंतरावर बसत नाहीत.

त्याची काळजी रिसीव्हर करतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. अंतरं मोजून मेनूत भरली की जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा उशिरा सोडला जातो. कोन चुकला तर मात्र कुठलाच मेनू मदतीला येत नाही. म्हणून अंतराशी तडजोड करा, कोनाशी नको.

रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये काय बघायचं?

आधी सोबतचा मायक्रोफोन लावून आपोआप होणारी जुळणी करून घ्या. मग तिने काय केलंय ते तपासा, कारण ती यंत्रं अधूनमधून विनोद करतात. अंतरं टेपने मोजून पडताळा. बुकशेल्फ स्पीकरना ‘लार्ज’ ठरवलं असेल तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जाईल.

नंतर रिसीव्हरचा चाचणी-आवाज, तो शॉवरसारखा सळसळ करणारा, एकेका स्पीकरमधून सोडा आणि बसायच्या जागी पातळी मोजा. फोनवरचं ॲप पुरेसं आहे. आकडा खरा किती यापेक्षा सगळ्यांचा सारखा येणं महत्त्वाचं. एकदा सारखं झालं की हात लावू नका. ‘सराउंड ऐकू आला पाहिजे’ म्हणून मागचे चार डेसिबलने चढवून ठेवणारे भेटतात. मग त्यांची तक्रार असते की मिक्समध्ये मागचं फार अंगावर येतं.

आवाजातला चढ-उतार दाबणारी रात्रीची सोय, संवाद उठावदार करणारी सोय, कमी आवाजात मागचे स्पीकर आपोआप वाढवणारी सोय: संगीताला तिन्ही बंद.

आणि वायरी तपासा. मी स्वतः दोन महिने मागचे डावे-उजवे उलटे जोडून ऐकत होतो आणि मिक्स करणाऱ्याला नावं ठेवत होतो. गोल फिरणारा आवाज अर्ध्यात कोलांटी मारतोय हे एका पाहुण्याने दाखवून दिलं. त्याला रॉकमध्ये काडीचा रस नव्हता.

सबवूफर फारसा वाजतच नाही. बिघडलाय का?

बहुधा नाही. ‘.१’ हा चॅनल सिनेमातल्या स्फोटांसाठी जन्मला. तो १२० हर्ट्झपर्यंतच जातो आणि बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल जोरात वाजेल असं गृहीत असतं. संगीत मिक्स करणारे त्याचा वापर बेताने करतात, काही अजिबात करत नाहीत. बेस गिटार आणि मोठा ड्रम मुख्य चॅनलांतच असतात. तुमच्या सबवूफरला काम मिळतं ते वर सांगितलेल्या क्रॉसओव्हरमुळे. जुन्या प्लेअरला सहा वेगळ्या ॲनालॉग वायरींनी जोडलं असेल तर मात्र सावध: त्या वाटेवर क्रॉसओव्हर आणि ते १० डेसिबल दोन्ही हरवू शकतात. मग खर्ज खरंच गायब होतो.

एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, ब्लू-रे, स्ट्रीमिंग: यातलं घ्यावं काय?

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने ब्लू-रे. साधा ब्लू-रे प्लेअर ती वाजवतो, आवाज काटछाट न होता येतो आणि एकाच डिस्कवर ॲटमॉस (डॉल्बीचा, छताकडचे स्पीकरही वापरणारा सराउंड), ५.१, नवा-जुना स्टिरिओ असं सगळं मावतं. गैरसोय एकच. बहुतेक डिस्कमध्ये मेनूसाठी टीव्ही लावावा लागतो.

एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, १९९९मध्ये आली, सोनी आणि फिलिप्सची. बहुतेक रॉक एसएसीडी ‘हायब्रिड’ असतात, म्हणजे तिच्यात साध्या सीडीचाही थर असतो. फसगत तिथेच होते. एसएसीडी न ओळखणारा प्लेअर गुपचूप सीडीचा थर वाजवतो आणि माणूस स्टिरिओ ऐकून ‘काय भारी सराउंड’ म्हणतो. प्लेअर ओळखणारा असला तरी त्याच्या मेनूत ‘मल्टिचॅनल’ निवडलंय का ते बघा.

डीव्हीडी-ऑडिओ २०००मध्ये आली आणि काही वर्षांत थकली. पण सराउंडचे काही सर्वांत लाडके मिक्स तिच्यावरच आहेत. साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली तर बहुतेक डिस्क दाबलेला डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस आवाज देतात. उत्तम प्रतीचा भाग ऐकायला ते स्वरूप ओळखणारा प्लेअर लागतो.

स्ट्रीमिंगवर ॲटमॉस मिळतो. ॲपल म्युझिकने जून २०२१मध्ये सुरू केल्यावर त्याचा पसारा झपाट्याने वाढला. तिथला आवाज दाबलेला असतो, ब्लू-रेवरचा नसतो. हा फरक मला पाच चांगल्या स्पीकरवर, शांत खोलीत कळतो आणि एरवी कळत नाही. चाखून बघायला स्ट्रीमिंग, मनात भरलं की डिस्क, असा माझा क्रम आहे. काही अल्बमचा सराउंड मिक्स डिस्कवर आलेलाच नाही. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चा २०२२चा ॲटमॉस मिक्स त्यातला.

डिस्क बरोबर, प्लेअर बरोबर, तरी मागून काही येत नाही.

वायर बघा. ऑप्टिकल वायरीतून दोन चॅनलचा पूर्ण आवाज किंवा दाबलेला ५.१ एवढंच जाऊ शकतं. काटछाट नसलेला सराउंड त्यात मावत नाही आणि एसएसीडीचा सराउंड थर तर त्यातून सोडलाच जात नाही. एचडीएमआय वापरा. वायर ठीक असेल तर डिस्कच्या मेनूत कोणता ट्रॅक निवडलाय ते पाहा. पुष्कळ डिस्क आपणहून स्टिरिओ लावतात. त्यानंतर रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर काय लिहून येतंय ते वाचा. तिथे ‘स्टिरिओ’ दिसत असेल तर भांडण स्पीकरशी नाही.

सराउंड मिक्स स्टिरिओपेक्षा बारीक का ऐकू येतो?

अलीकडचे स्टिरिओ रीमास्टर ठासून जोरात केलेले असतात. उलट ॲटमॉससाठी डॉल्बीची मर्यादा आहे, सरासरी पातळी उणे १८ एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) वर न्यायची नाही. म्हणून आवाजाची कळ वर फिरवा. तुलना करताना दोन्हींची पातळी कानाने सारखी केल्याशिवाय मत देऊ नका. जोरात वाजणारं नेहमीच आधी आवडतं.

हे मिक्स करतं कोण? नाव बघून डिस्क घ्यावी का?

घ्यावी. अल्बमच्या नावाइतकंच हे नाव महत्त्वाचं आहे.

स्टीव्हन विल्सन स्वतः वादक-गायक. २००९मध्ये किंग क्रिमसनच्या अल्बमांपासून त्याने त्या बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याच्यासोबत हे काम सुरू केलं आणि पुढे जेथ्रो टल, येस, जेंटल जायंट अशी रांग लागली. त्याची पद्धत सोवळ्याची: आधी मूळ स्टिरिओ मिक्स जसाच्या तसा उभा करायचा, प्रतिध्वनीसकट, आणि मगच तो पसरायचा. ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ त्याने २००९मध्ये एकदा केला आणि २०१९मध्ये पुन्हा नव्याने केला. दोन्ही शेजारी लावून ऐका, एकाच माणसाचा हात दहा वर्षांत किती मोकळा होतो ते कळेल.

जेम्स गथ्री पिंक फ्लॉइडच्या घरचा. ‘डार्क साइड’चा २००३चा ५.१ आणि २०२३चा ॲटमॉस दोन्ही त्याचे. एलियट शायनर डीव्हीडी-ऑडिओच्या काळातला बिनधास्त गडी, ईगल्सचा ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ त्याचा. मागच्या स्पीकरला काम द्यायला तो कचरत नाही. जाइल्स मार्टिन बीटल्सचं काम वडिलांकडून, जॉर्ज मार्टिनकडून, वारशाने घेऊन आला. तो जपून, पुढच्या बाजूला वजन ठेवून मांडतो. मागे भरपूर काही हवं असेल त्याला मार्टिन मिळमिळीत वाटेल. मलाही कधी कधी वाटतो.

‘डार्क साइड’चा जुना क्वाड चांगला की नवा ५.१?

पार्सन्सचा क्वाड १९७३चा, जरा उनाड. वस्तू कोपऱ्यांत फेकतो आणि दोन कोपऱ्यांच्या मध्ये फारसं काही ठेवत नाही. गथ्रीचा ५.१ घडीव, सांधे न दिसणारा. २०११च्या मोठ्या बॉक्स सेटमध्ये दोन्ही होते. पाहुण्यांना मी गथ्रीचा लावतो, एकटा असलो की पार्सन्सचा.

पहिला अल्बम कोणता लावू?

ज्याचा प्रत्येक तुकडा तुम्हाला पाठ आहे तो. अनोळखी अल्बमवर सराउंडची परीक्षा होत नाही, कारण काय बदललं हेच कळत नाही.

तरीही नावं हवीच असतील तर घ्या. येसचा ‘क्लोज टू द एज’, विल्सनचा २०१३चा मिक्स: पहिल्या काही मिनिटांतला कल्लोळ स्टिरिओत भिंतीसारखा येतो, इथे त्या भिंतीतून चालता येतं. क्वीनचा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’, २००२ची डीव्हीडी-ऑडिओ: एकावर एक रचलेले गळे वेगळे बसल्यावर ती गंमत शब्दांत सांगण्यासारखी नाही. डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’, चक एन्लेचा ५.१, त्याला २००६मध्ये सराउंड अल्बमचा ग्रॅमी मिळाला. शांत, मोकळा, नव्या ऐकणाऱ्याला न घाबरवणारा. माइक ओल्डफील्डने ‘ट्युब्युलर बेल्स’ २००९मध्ये स्वतःच ५.१मध्ये मांडला. एकाच माणसाने जवळजवळ सगळी वाद्यं वाजवलेली असल्यामुळे आपण त्याच्या डोक्यात बसलोय असं वाटतं. जेथ्रो टलचा ‘ॲक्वालंग’, २०११चा: मूळ आवाज कोंदट आहे अशी जुनी तक्रार होती, इथे खिडकी उघडते.

पाठीमागून गिटार आली की मी दचकतो. हे नैसर्गिक वाटत नाही.

मैफलीत आपण समोर बघतो, हे खरं. पण स्टुडिओत केलेल्या रॉक अल्बममध्ये नैसर्गिक असं फारसं काही नसतंच. गायक आठ वेळा स्वतःच्याच साथीला गातो, गिटार उलटी वाजवलेली असते, ड्रम्स दुसऱ्या दिवशीचे असतात. तो प्रसंग कधी घडलाच नव्हता, मग तो समोरच घडावा असा आग्रह का? मैफलीच्या ध्वनिमुद्रणाची गोष्ट वेगळी. तिथे मागून फक्त सभागृह आणि टाळ्या याव्यात, एवढं माझं सोवळं मीही पाळतो.

आठवडाभर ऐका, दचकणं जातं.

रिसीव्हरवर साध्या स्टिरिओचा सराउंड करणारं बटण आहे. मग रिमिक्स कशाला?

ते बटण अंदाज बांधतं. दोन्ही चॅनलांत सारखं आहे ते मध्ये, वेगळं आहे ते बाजूला आणि मागे. कधी अंदाज छान लागतो, विशेषतः प्रतिध्वनी भरपूर असलेल्या अल्बमांत. पण विरघळलेली साखर पुन्हा वेचल्यासारखंच ते. खरा सराउंड मिक्स लावताना ते बटण बंद करायला विसरू नका, नाहीतर मांडलेल्या घराची पुन्हा उचकाउचक होते.

माझा आवडता अल्बम सराउंडमध्ये का नाही?

बहुतेक वेळा टेपमुळे. मल्टिट्रॅक टेप हरवल्या, पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, नाहीतर कुणाच्या तरी गोदामात चुकीचं नाव लिहून पडल्या आहेत. जेंटल जायंटच्या पहिल्या तीन अल्बमांपैकी ज्या गाण्यांच्या टेप मिळाल्या तेवढीच विल्सनने रिमिक्स केली आणि ती ‘थ्री पीस स्वीट’ या नावाने २०१७मध्ये निघाली.

टेप असूनही अडचण असते. चार पट्ट्यांच्या काळात जागा संपली की चार पट्ट्या एका पट्टीवर उतरवून पुढचं ध्वनिमुद्रण करायचे. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’च्या २०१७च्या कामात जाइल्स मार्टिनच्या चमूला उतरवण्याआधीच्या टेप मिळाल्या, म्हणून निभावलं. ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये कित्येक ठिकाणी वाद्यं एकाच पट्टीवर एकत्र वाजवलेली होती. तिथे सिनेदिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने संगणकाला आवाज ओळखायला शिकवून ती वेगळी केली. दुधातली साखर वेचता येत नाही असं मी वर म्हणालो, ते आता पूर्ण खरं राहिलेलं नाही.

हेडफोनवर चालेल का?

ऐकता येतं. ॲटमॉस हेडफोनला देताना प्रत्येक दिशेचा आवाज डोकं आणि कानाच्या पाळीमुळे कसा बदलतो याचं सर्वसाधारण गणित लावलेलं असतं. तुमचे कान त्या सर्वसाधारण कानांसारखे असतील तर आवाज बाहेर पसरतो, नसतील तर नुसता दूर गेल्यासारखा, धुतल्यासारखा होतो. समोर आणि मागे यांतला फरक बहुतेकांना नीट कळत नाही. हेडफोनवर निराशा झाली म्हणून स्पीकरवरच्या सराउंडवर काट मारू नका.

साउंडबार?

मागे वेगळे स्पीकर देणारा असेल तर चालून जाईल. भिंतीवरून आवाज परतवून मागचा भास करणारा संगीतासाठी नको.

दोघांना एकाच वेळी नीट ऐकू येईल का?

नाही. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलेल्याच्या कानाशी मागचा डावा स्पीकर बोलत असतो आणि उरलेले पाहुणे. सगळे स्पीकर जरा लांब नेता आले तर फरक कमी होतो, एवढंच. आमच्याकडे मधली खुर्ची एकच आहे आणि अल्बमची बाजू संपली की ती सोडायची असा करार आहे. लांबलचक एकाच गाण्याची बाजू असलेले प्रोग्रेसिव्ह अल्बम कोण आधी लावायला काढतो, त्यावर घरात बारीक लक्ष असतं.